खुले पत्र : घरी बांधलेल्या मोटारीला परीक्षेला तरी बसू द्या

प्रति,
मा. सचिव,
रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालय, भारत सरकार, नवी दिल्ली

प्रत : मा. परिवहन आयुक्त, महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : एखाद्या व्यक्तीने स्वतःच्या वापरासाठी घरी बांधलेल्या एकट्या मोटारीची तपासणी व नोंदणी करण्याची तरतूद व्हावी, याबाबत

महोदय,

मी पेशाने यांत्रिक अभियंता. उमेदीची वर्षे यंत्रांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत गेली आणि निवृत्तीनंतर घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी दोन आसनांची, टप नसलेली एक छोटी स्पोर्ट्स कार बांधली. गाडी सुरू होते, वळते आणि ब्रेक दाबल्यावर सरळ रेषेत थांबते. तरीही ती फाटकाबाहेर जाऊ शकत नाही. ती कोणत्याही तपासणीत नापास झालेली नाही; तिला नापास करण्याचीही सोय आपल्या नियमांत नाही. माझे गाऱ्हाणे एवढेच आहे, आणि ते खाजगी अर्जाने सुटणारे नसून नियमातच अडकलेले असल्यामुळे मी हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. इंग्लंडमध्ये कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने १९५७ मध्ये ‘सेव्हन’ नावाची अत्यंत हलकी दोन आसनी गाडी आणली. ती तयार घेतली तर त्या काळचा खरेदी कर भरावा लागे. सुट्या भागांचा संच घेऊन घरी जोडली तर तो कर लागत नसे. संचासोबत जोडणीच्या सूचना दिल्या तर सवलत जाते, म्हणून कंपनीने गाडी सुटी करण्याच्या सूचना दिल्या आणि गिऱ्हाइकाने त्या शेवटाकडून वाचायच्या, ही गोष्ट हौशी मंडळी अजून रंगवून सांगतात. १९७३ मध्ये तो कर जाऊन मूल्यवर्धित कर आला आणि संच घेण्यातला पैशाचा फायदा संपला. त्याच वर्षी या गाडीचे हक्क कॅटरहॅम कंपनीकडे गेले, आणि ती कंपनी आजही हीच गाडी संचाच्या रूपात विकते. कर वाचवणे हे कारण उरले नाही, तरी बांधण्याची हौस उरली. पुढे ज्यांना संचही परवडत नव्हता त्यांनी पोलादी चौकोनी नळ्यांचा सांगाडा स्वतः जोडायचा आणि इंजिन, गिअरबॉक्स, मागचा ॲक्सल एखाद्या जुन्या गाडीतून काढून त्यात बसवायचा, असा मार्ग काढला. मी हाच मार्ग धरला.

माझ्या गाडीचा सांगाडा २५ मिलिमीटरच्या, १.६ मिलिमीटर जाडीच्या नळ्यांचा आहे. सपाट पाटावर आराखडा आखून आधी सगळे सांधे नुसते टॅक केले, म्हणजे वेल्डिंगच्या ठिपक्यांनी तात्पुरते जोडले, कर्ण मोजून चौकट गुण्यात असल्याची खात्री केली आणि मग आलटून पालटून बाजू बदलत पक्के वेल्डिंग केले. एकाच बाजूने वेल्डिंग करत गेले तर उष्णतेने सांगाडा पिळतो हे कोणताही फिटर सांगेल. इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल मारुती ईकोचे आहेत. आपल्याकडच्या स्वस्त छोट्या गाड्या बहुतेक पुढच्या चाकांनी चालणाऱ्या असल्यामुळे लांबीच्या दिशेने बसणारे आणि मागची चाके फिरवणारे इंजिन हवे असेल, तर ओम्नी किंवा ईको यांच्याकडेच वळावे लागते. पुढची चाके सांगाड्याला जोडणाऱ्या विशबोनचे बुश आणि पिना कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर करून घेतल्या. नाकाडाचा भाग कोकणात होड्यांचे फायबरकाम करणाऱ्या एका कारागिराने साच्यातून काढून दिला. ब्रेकचा मास्टर सिलिंडर दुहेरी आहे, म्हणजे एक वाट निकामी झाली तरी दुसरीने गाडी थांबते. स्टीअरिंगच्या दांड्याला मध्ये दोन सांधे आहेत, म्हणजे समोरून धडक बसली तरी तो सरळ छातीवर येऊ नये. प्रत्येक सुट्या भागाचे बिल आणि रंग लावण्याआधीच्या प्रत्येक सांध्याचे छायाचित्र माझ्याकडे आहे.

एवढी कागदपत्रे घेऊन मी एका परिवहन कार्यालयात गेलो. तिथल्या अधिकाऱ्यांविषयी माझी मुळीच तक्रार नाही. त्यांनी सभ्यपणे ऐकून घेतले आणि छायाचित्रे कुतूहलाने पाहिली. पण ‘वाहन’ या सरकारी संगणकीय नोंदणी प्रणालीत गाडीची नोंद करताना आधी उत्पादक आणि मॉडेल यादीतून निवडावे लागते, आणि त्या यादीत घरामागची शेड असणे शक्य नव्हते. नोंदणीच्या अर्जाला, म्हणजे नमुना २० ला, विक्रेत्याचे नमुना २१ मधील विक्री प्रमाणपत्र आणि उत्पादकाचे नमुना २२ मधील रस्तायोग्यतेचे प्रमाणपत्र जोडावे लागते. मी मलाच गाडी विकली असे प्रमाणपत्र मी मलाच कसे देणार, यावर आम्ही सगळेच हसलो. हसून झाल्यावर मी घरी परत आलो, कारण पासिंगसाठी गाडी पाहायला या, असे सांगण्याचा अधिकारही त्या कार्यालयाला नव्हता.

माझी पहिली तक्रार केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १२६ विषयी आहे. प्रत्येक उत्पादकाने किंवा आयातदाराने आपल्या वाहनाचा नमुना ठरलेल्या संस्थेकडून तपासून घ्यावा असे हा नियम सांगतो. या यादीतल्या तीन संस्था आमच्याच राज्यात आहेत : पुण्यातली एआरएआय, पुण्यातलीच सीआयआरटी आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई. नियम योग्य आहे आणि कारखान्यांच्या बाबतीत तो सैल व्हावा असे माझे मुळीच म्हणणे नाही. पण तो गृहीत धरतो की नमुना एक असेल आणि त्याच्यामागून हजारो सारख्या गाड्या निघतील. समोरून आणि बाजूने धडक देऊन पाहण्याच्या चाचण्या प्रवासी मोटारींच्या नव्या मॉडेलना ऑक्टोबर २०१७ पासून सक्तीच्या झाल्या. कारखाना त्यासाठी काही गाड्या मोडतो आणि तो खर्च पुढच्या हजारो गाड्यांवर वाटला जातो. जिची प्रत निघणारच नाही अशी गाडी या चाचणीला दिली, तर ती उत्तीर्ण झाली की नाही हे कळेपर्यंत नोंदवायला गाडीच उरत नाही. एकट्या गाडीसाठी वेगळी कसोटी असावी लागते. ती आपल्याकडे कोणी लिहिलेलीच नाही.

दुसरी तक्रार पहिल्यातूनच निघते. माझी गाडी नवी म्हणून नोंदवता येत नाही, म्हणून मला काही हितचिंतकांनी सल्ला दिला की ज्या ईकोतून इंजिन काढले तिच्याच कागदपत्रांवर ही चालवावी. हा सल्ला मी मानला नाही आणि कोणीही मानू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये बेकायदा फेरबदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. कर्णकर्कश सायलेन्सर आणि बाहेर आलेली चाके लावून फिरणाऱ्यांचा त्रास मलाही होतो, त्यामुळे या कलमाच्या हेतूशी माझे भांडण नाही. पण माझी गाडी ही बदललेली ईको नाही. तिचा सांगाडा, आकार, वजन, आसने, स्टीअरिंग सगळे वेगळे आहे. तिला ‘मूळ तपशील’च नाही. प्रामाणिकपणे नवी गाडी म्हणून समोर येणाऱ्याला दार बंद, आणि जुन्या कागदांचा आडोसा घेणारा मात्र पकडला जाईपर्यंत मोकळा, अशी ही स्थिती आहे. याने कायद्याचे भय वाढत नाही, लबाडीची सवय वाढते.

तिसरी तक्रार अशी की वेगळ्या प्रकारच्या गाड्यांसाठी वेगळी वाट काढणे आपल्या मंत्रालयाला चांगले जमते, आणि ते आपण वेळोवेळी केलेही आहे. २०१८ मध्ये याच नियम १२६ मध्ये बदल करून, परदेशी मानकांप्रमाणे मान्यता मिळालेल्या उजव्या स्टीअरिंगच्या मोटारी वर्षाला २५०० पर्यंत, इथल्या संस्थांकडून पुन्हा मान्यता न घेता आयात करण्याची मुभा दिली गेली. जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र नोंदणी मालिका आली. नव्या नोंदणीला २०,००० रुपये शुल्क, राज्य पातळीवर गाडी पाहणारी समिती, आणि ती गाडी रोजच्या वापरासाठी नसून रॅली, प्रदर्शन, इंधन व देखभाल अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणता येईल अशी अट. पेट्रोल-डिझेलच्या गाडीत मान्यताप्राप्त विजेचा संच बसवून ती नोंदवण्याचीही तरतूद आहे. हे सगळे निर्णय मला योग्य वाटतात. विशेषतः जुन्या गाड्यांचा नियम मी कौतुकाने वाचला, कारण हौस ही गोष्ट सरकारने तिथे मान्य केली आहे, तिला शुल्क लावले आहे, मर्यादा घातल्या आहेत आणि मग तिच्यासाठी रस्ता मोकळा केला आहे. आजोबांची गाडी जपणाऱ्याला जे मिळाले तेच, तितक्याच अटींवर, गाडी बांधणाऱ्याला का मिळू नये?

चौथ्या मुद्द्यावर मी थोडा रेंगाळणार आहे. मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात कॅप्टन अमोल यादव यांनी आपल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात वांद्रे-कुर्ला संकुलात ते लोकांनी पाहिले. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये ‘व्हीटी-एनएमडी’ या क्रमांकाने त्याची नोंद केली आणि २०१९ मध्ये चाचणी उड्डाणाची परवानगी दिली. ही वाट सोपी नव्हती. विषय मुख्यमंत्री आणि पंतप्रधानांपर्यंत जावा लागला. पण शेवटी जी गोष्ट घडली तिचा अर्थ स्पष्ट आहे : एकट्या माणसाने घरी बांधलेल्या विमानाकडे सरकारचे अभियंते जाऊ शकतात, ते तपासू शकतात, त्याला क्रमांक देऊ शकतात आणि अटी घालून टप्प्याटप्प्याने पुढची परवानगी देऊ शकतात. विमान हवेत बंद पडले तर ते बाजूला घेऊन उभे करता येत नाही, हे मी आपल्याला सांगायला नको. सहा आसनी विमानाची नोंद या देशात होते आणि घरी बांधलेली दोन आसनी मोटार नियमाच्या कुठल्याही रकान्यात बसत नाही, याचे तर्कसंगत उत्तर मला आजवर कोणाकडून मिळालेले नाही.

पाचवी तक्रार छोटी आहे. नोंदणी नाही म्हणून विमा नाही, विमा नाही म्हणून रस्त्यावर पाऊल नाही. आणि व्यापारी प्रमाणपत्र, म्हणजे नोंदणीपूर्वी गाडी रस्त्यावर नेण्याचा परवाना, उत्पादक, विक्रेते आणि तपासणी संस्था अशांनाच मिळतो. “मग ट्रॅकवर चालवा,” असे सुचवले जाते. कोइंबतूर किंवा चेन्नईपर्यंत गाडी ट्रकवर लादून न्यायची आणि दोन तास फिरवून पुन्हा लादून आणायची, हे पैसेवाल्यांना जमेल. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्याला नाही.

शेवटची तक्रार माझ्या गाडीपुरती नाही. डिसेंबर २०२१ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका कारागिराने भंगारातून, किकने सुरू होणारी जीपसारखी छोटी गाडी बांधल्याचे सगळ्या देशाने पाहिले. आनंद महिंद्रा यांनी समाजमाध्यमावर तिचे कौतुक केले, पण नियमात बसत नसल्यामुळे स्थानिक यंत्रणा आज ना उद्या ती अडवणारच, असेही म्हटले आणि त्या गाडीच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती त्या कुटुंबाला मिळालीही. तो त्यांच्या मनाचा मोठेपणा होता. पण एका उद्योगपतीच्या उदारपणाने एका घराचा प्रश्न सुटला. धोरणाचा प्रश्न तसाच राहिला आणि गोड बातमीखाली झाकला गेला. ती गाडी तपासणीत टिकली असती असा माझा दावा नाही. बहुधा नसती टिकली. पण “ब्रेक अपुरे आहेत, दिवे या उंचीवर हवेत, आसनपट्ट्यांचा आधार कच्चा आहे,” असे तीन ओळींचे लेखी उत्तर त्या कारागिराला मिळाले असते, तर पुढची गाडी त्याने कशी बांधली असती याची कल्पना करा.

हीच गोष्ट आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांची. बाहा आणि फॉर्म्युला या विद्यार्थ्यांनी स्वतः गाडी बांधून उतरायच्या स्पर्धांसाठी मुले नळ्यांचे सांगाडे स्वतः आखतात, जोडतात, सस्पेन्शनची गणिते मांडतात, पिथमपूरला किंवा कोइंबतूरला जाऊन कडक तांत्रिक तपासणीतून गाडी पार करतात. स्पर्धा संपते, गाडी कार्यशाळेच्या कोपऱ्यात उभी राहते आणि मुले नोकरीला लागून संगणकावर परदेशी कंपन्यांच्या गाड्यांचे आरेखन करतात. अलिबागजवळच्या चिंकारा मोटर्सने सेव्हनच्याच वळणाची, फायबरच्या अंगाची आणि इसुझुच्या १.८ लिटर इंजिनाची ‘रोडस्टर’ बांधून दाखवली होती. म्हणजे हात आणि अक्कल इथे आहे. लहान बांधणाऱ्याला शिडीची पहिली पायरीच नसेल, तर तो वर कसा चढणार?

आता सुरक्षिततेविषयी, कारण आपल्या बाजूने हाच आक्षेप पहिला येईल आणि तो यायलाच हवा. आपले रस्ते गर्दीचे आहेत, त्यांवर बैलगाडीपासून कंटेनरपर्यंत सगळे एकत्र चालते, आणि हौसेपायी कोणाचा जीव जावा असे कोणताही शहाणा माणूस म्हणणार नाही. गावोगावी पाण्याच्या इंजिनावर जोडलेली, ब्रेकचा पत्ता नसलेली जुगाड वाहने माणसे भरून धावताना मी पाहिली आहेत. ती थांबवलीच पाहिजेत. परंतु घरी बांधलेली प्रत्येक गाडी जुगाड असते हे गृहीतक चुकीचे आहे, आणि दोन्हींतला फरक तपासणीशिवाय कळत नाही. न तपासता नाकारल्याने रस्ता सुरक्षित होत नाही; चांगली गाडी शेडमध्ये कुजते आणि वाईट गाडी रात्री आडवाटेने फिरते.

एकट्या गाडीची तपासणी कशी असू शकते, हे पाहायचे तर ब्रिटनची पद्धत समोर आहे. तिथे १९९८ मध्ये एकल वाहन मान्यता आली आणि २००९ मध्ये तिच्या जागी अधिक काटेकोर अशी वैयक्तिक वाहन मान्यता आली. हौशी बांधणीचा त्यात स्वतंत्र वर्ग आहे. गाडी स्वतःच्या वापरासाठी बांधल्याची घोषणा आणि बांधकामाचा पुरावा अर्जदाराने द्यायचा. मग सरकारी परीक्षक कित्येक तास गाडी तपासतो : ब्रेकचे बळ चाकागणिक मोजतो, आसनपट्ट्यांचे आधार, स्टीअरिंग, दिव्यांच्या जागा, आरसे, आवाज, धूर आणि वेगमापकाचा खरेपणा पाहतो. बाहेरून माणसाला लागू शकेल अशा कडेची गोलाई किमान २.५ मिलिमीटर हवी, इतक्या बारकाव्यापर्यंत ते लिहिलेले आहे. त्यापायी नटांवर प्लास्टिकच्या टोप्या चढवत बसलेले हौशी लोक तिथे त्याच्या नावाने बोटे मोडतात, पण चढवतात. इंजिन जुने असेल तर धुराची मर्यादा त्या इंजिनाच्या काळाप्रमाणे लागते. आधी वेळ ठरवलेल्या तपासणीला गाडी विमा उतरवून रस्त्याने नेता येते. नापास झाली तर कारणांचा कागद हातात मिळतो. न्यूझीलंडमध्ये तर कमी संख्येने बांधलेल्या वाहनांची तांत्रिक मानके हौशी बांधणाऱ्यांच्याच संघटनांनी मिळून उभारलेली संस्था सांभाळते, आणि तिच्या प्रमाणकांनी दिलेली पट्टी गाडीवर ठोकल्याशिवाय ती रस्त्यावर येत नाही. जर्मनी आणि ऑस्ट्रेलियातही एकट्या वाहनाला मान्यता देण्याची पद्धत आहे. या सगळ्या देशांत रस्ता सुरक्षेला आपल्यापेक्षा कमी महत्त्व आहे, असे कोणी म्हणू शकेल का?

माझ्या मागण्या आता सांगतो. त्यांपैकी एकीतही तपासणीतून सूट मागितलेली नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत ‘हौशी बांधणीची वाहने’ असा स्वतंत्र वर्ग करावा आणि त्यासाठी एकल मान्यतेची पद्धत लिहावी. यासाठी संसदेत जाण्याची गरज नाही. कायद्याच्या कलम ११०(३) प्रमाणे वाहनांच्या एखाद्या वर्गाला वाहनांच्या बांधणीविषयीच्या प्रकरणातील तरतुदींतून वगळण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे आधीपासून आहे, आणि वगळताना अटी काय असाव्यात हे आपणच ठरवू शकता.

तपासणी दोन टप्प्यांत व्हावी. गावात कोणी स्वतःचे एकच घर बांधले तरी आधी नकाशा मंजूर होतो, जोते झाल्यावर पाहणी होते आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र मिळते. तुम्ही बांधकाम कंपनी आहात का, असे तिथे कोणी विचारत नाही. त्याच धर्तीवर उघड्या सांगाड्याची पाहणी रंग आणि बॉडी चढण्याआधी एकदा व्हावी, कारण वेल्डिंगचे दोष नंतर दिसत नाहीत, आणि दुसरी पूर्ण झालेल्या गाडीची व्हावी. पहिली पाहणी जवळचे परिवहन कार्यालय एखाद्या मान्यताप्राप्त अभियंत्याच्या अहवालावर करू शकेल. दुसरी मात्र नियम १२६ मधल्या संस्थांकडेच असावी. कसोट्यांची यादी आणि शुल्क दोन्ही आधी छापील स्वरूपात जाहीर व्हावे. शुल्क परवडणारे असावे असे मी म्हणेन, पण फुकट असावे असे म्हणणार नाही.

एअरबॅग, एबीएस, धडक चाचणी यांपैकी काय लागू, काय नाही आणि जे लागू नाही त्याच्या बदल्यात काय बंधन, हे स्पष्ट लिहावे. माझ्या दृष्टीने वेगाची मर्यादा, द्रुतगती मार्गावर बंदी, प्रवासी भाड्याने न नेण्याची अट, ठरावीक वर्षे न विकण्याची अट, एका व्यक्तीला काही वर्षांत एकच गाडी आणि राज्यागणिक वार्षिक मर्यादा, ही सगळी बंधने मान्य होण्यासारखी आहेत. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्य खास बांधणीच्या गाड्यांसाठी वर्षाला ५०० प्रमाणपत्रांचा कोटा ठेवते. महाराष्ट्राने पन्नासने सुरुवात केली तरी चालेल. नंबर प्लेटवर वेगळी खूण असावी, म्हणजे पोलिसांना आणि शेजारून जाणाऱ्यांना गाडी कोणत्या वर्गातली आहे ते लगेच कळेल.

जुन्या भागांचा उगम सिद्ध करण्याची सोपी आणि पक्की पद्धत असावी. चोरीच्या गाड्यांचे भाग या वाटेने खपवले जातील ही भीती रास्त आहे. नोंदणीकृत वाहन भंगार केंद्रातून घेतलेल्या इंजिनाचे व गिअरबॉक्सचे बिल, त्यावर मूळ गाडीचा क्रमांक आणि इंजिन क्रमांक, एवढे असेल तरच ते ग्राह्य धरावे. ‘वाहन’ प्रणालीत उत्पादकाच्या यादीत ‘स्वबांधणी’ ही नोंद घालावी आणि सांगाड्यावर ठोकायचा चेसिस क्रमांक परिवहन कार्यालयाने नेमून द्यावा. तपासणीच्या दिवसापुरता, ठरलेल्या मार्गाचा तात्पुरता परवाना आणि तेवढ्यापुरता विमा मिळण्याची सोय व्हावी.

आणि हे नियम ठरवणाऱ्या समितीत, जिथे उद्योगांचे व तपासणी संस्थांचे प्रतिनिधी बसतात तिथे, स्वतःच्या हाताने गाडी बांधलेल्या एखाद्या तरी माणसाला खुर्ची मिळावी. मसुदा प्रसिद्ध करून हरकती मागवल्या जातातच; पण मसुदा लिहिला जाताना कोणते सांधे आधी तपासायचे, हे सांगायला त्याचा उपयोग होईल.

यांतली कोणतीही मागणी मान्य करणे शक्य नसेल, तर ती का शक्य नाही हे मंत्रालयाने कारणांसह, सर्वांना वाचता येईल असे लिहावे. त्यावर वाद घालण्याची आमची तयारी आहे. आमचा त्रास उत्तर नसण्याचा आहे.

हौशी बांधणीसाठी कसोट्यांचा कच्चा मसुदा ठरवताना प्रत्यक्ष एखादी गाडी तपासून पाहावीशी वाटली, तर माझी गाडी सगळ्या बिलांसह आणि छायाचित्रांसह, वर सांगितलेल्या तीनपैकी कोणत्याही संस्थेत मी स्वखर्चाने ट्रकवर लादून आणून देईन. सांगाडा तपासण्यासाठी बॉडी उतरवावी लागली तर तीही मी उतरवून देईन. नटबोल्टवर आहे, अर्ध्या दिवसाचे काम आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त यांत्रिक अभियंता
पश्चिम महाराष्ट्र